हवाईतील स्वागत: पाहुण्याच्या वाट्याला काय येते?

2024 साली अमेरिकेतील हवाई राज्याने कायदा करून हाताच्या एका खुणेला राज्याची अधिकृत खूण ठरवले. अंगठा आणि करंगळी बाहेर, मधली तीन बोटे आत मिटलेली, हाताची मागची बाजू समोरच्या माणसाकडे आणि मनगटाला हलकासा झोका, अशी ही ‘शाका’ नावाची खूण आहे. एखाद्या सरकारला अभिवादनासाठी कायदा करावासा का वाटला असेल, असा प्रश्न ही बातमी वाचून पडणे साहजिक आहे. त्यात भर अशी की याच राज्याच्या कायद्यांत 1986 पासून ‘अलोहा वृत्ती’ नावाचे एक कलमही आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातले हवाईचे चित्र जाहिरातींतून आलेले असते: विमानातून उतरावे, कोणीतरी हसून गळ्यात फुलांची माळ घालावी, ‘अलोहा’ म्हणावे आणि सुट्टी सुरू व्हावी. या चित्रात पाहुणा काहीच करत नाही, त्याला सगळे आयते मिळते. हवाईच्या मूळ रीतींमध्ये मात्र स्वागताच्या प्रत्येक प्रकारात पाहुण्याला काहीतरी करावे लागते, थांबावे लागते, उत्तर द्यावे लागते. नव्याने तिथे जाणाऱ्याला ही बाजू कोणी समजावून सांगत नाही, म्हणून या लेखात मुख्यतः तिच्याविषयीच लिहीत आहे.

यजमान कोण, पाहुणा कोण?

पॅसिफिक महासागरातील या बेटांवर सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियातील दर्यावर्दी होड्यांतून येऊन वसले. पुढे तिथे स्वतंत्र राज्य उभे राहिले. 17 जानेवारी 1893 रोजी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि बागायतदारांच्या एका गटाने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले आणि त्या वेळी अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक होनोलुलूत उतरलेले होते. 1898 मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात विलीन करून घेतली आणि 1959 मध्ये हवाई हे पन्नासावे राज्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उसाच्या मळ्यांवर कामासाठी चिनी, जपानी, पोर्तुगीज आणि फिलिपिनो मजूर आणले गेले. आजच्या सुमारे 14 लाखांच्या वस्तीत या सर्वांचे वंशज आहेत.

म्हणून नव्या माणसाने पहिली काळजी घ्यायची ती एका नावाची. तिथे ‘हवाईयन’ हा शब्द मूळ रहिवाशांच्या वंशजांसाठीच वापरतात. चार पिढ्या तिथे राहिलेल्या जपानी घरातला माणूस स्वतःला ‘लोकल’ म्हणवतो, ‘हवाईयन’ म्हणवत नाही. जो त्या भूमीवर वाढला किंवा मुरला तो ‘कमाआइना’ आणि जो नवा आला तो ‘मालिहिनी’. मालिहिनी म्हणवून घेण्यात काही कमीपणा नाही. ती केवळ तुमची आजची जागा आहे आणि त्या जागेला साजेशी वागणूक ठरलेली आहे.

आधी हाक, मग प्रवेश

कोकणात कोणाकडे गेल्यावर माणूस खळ्यात उभा राहून ‘कोणी आहे का घरात?’ अशी हाक देतो आणि आतून ‘या, या’ ऐकू आल्याशिवाय पडवीत पाय ठेवत नाही. हवाईची जुनी रीत समजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे, फक्त तिथे ही हाक पद्यात असते. तालवाद्याशिवाय, लांब श्वासावर म्हटल्या जाणाऱ्या या पठणाला ‘ओली’ म्हणतात. प्रवेश मागणारी ओली बाहेरच्याने म्हणायची आणि प्रवेश देणारी ओली आतल्याने. पहिलीला ‘ओली काहेआ’ आणि दुसरीला ‘ओली कोमो’ असे नाव आहे.

हुला नृत्याच्या परंपरागत शाळांत ही प्रथा आजही पाळली जाते. विद्यार्थी दाराबाहेर उभे राहून ओली म्हणतात. आत गुरू ऐकत असतात. पठणात एकाग्रता किंवा तयारी दिसली नाही तर उत्तर येत नाही आणि विद्यार्थ्यांना पुन्हा सुरुवात करावी लागते. या प्रसंगी सर्वाधिक म्हटली जाणारी ओली ज्वालामुखीची देवी पेले हिची धाकटी बहीण हिइआका हिच्या कथेतली आहे. काउआई बेटावर वाइलुआ नदीपाशी तिची वाट अडवली जाते, तेव्हा ती समोरच्या पर्वताचे वर्णन करत प्रवेश मागते आणि शेवटी विनवते की तुमचा आवाज रोखून धरू नका, उत्तर द्या. देवीच्या बहिणीलाही परवानगी मागावी लागते, हे या कथेतले मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

ही रीत केवळ नृत्यशाळेपुरती नाही. 1976 साली आधुनिक उपकरणांशिवाय ताहितीपर्यंत गेलेली ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी आजही एखाद्या किनाऱ्याला लागते, तेव्हा होडीवरचे लोक तिथल्या भूमिपुत्रांकडे उतरण्याची परवानगी मागतात. पवित्र मानलेल्या जागी जाताना, एखाद्या सभेच्या किंवा बांधकामाच्या आरंभीही ओली म्हटली जाते. नव्या माणसाला ती म्हणता येणे अपेक्षित नसते. त्याने उभे राहावे, गप्प राहावे, फोन खिशात ठेवावा आणि मध्येच टाळ्या वाजवू नयेत. समोर सुरू असलेला प्रसंग करमणुकीचा नाही. ती परवानगीची देवाणघेवाण आहे आणि कदाचित ती तुमच्या वतीनेच मागितली जात असते.

हाक उलट दिशेनेही जात असे. घरासमोरून जाणाऱ्या वाटसरूला, तो अनोळखी असला तरी, ‘ये, जेवून जा’ अशी साद घालण्याची जुनी रीत होती. दारावरून माणूस उपाशी जाणे घराला लाजिरवाणे समजले जाई. दोन्ही बाजूंनी हाक आणि दोन्ही बाजूंनी उत्तर, हा या समाजातल्या स्वागताचा पाया आहे. पुढची सगळी रूपे त्याच्यावरच उभी आहेत.

कपाळाला कपाळ: होनी

‘होनी’ हे हवाईचे सर्वांत जुने शारीरिक अभिवादन आहे. दोघे जण कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवतात आणि एकत्र श्वास आत घेतात. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत हीच प्रथा ‘होंगी’ नावाने आहे, कारण दोन्ही समाजांचे पूर्वज एकच. श्वासाला हवाईच्या भाषेत ‘हा’ म्हणतात आणि श्वासात माणसाचे सत्त्व असते अशी तिथली समजूत आहे. मृत्युशय्येवरचा जाणता पुरुष किंवा स्त्री आपली विद्या निवडलेल्या वारसाच्या तोंडात श्वास फुंकून देत असे. तेव्हा दोन माणसे एकमेकांचा श्वास घेतात, यामागची जवळीक केवढी असेल याची कल्पना येते.

जुन्या काळी हे अभिवादन कोणीही कोणाला करावे इतके सोपे नव्हते. ‘कपू’ म्हणजे धार्मिक निषेधांची एक कडक व्यवस्था होती. अत्युच्च कुळातले सरदार समोरून गेले की सामान्यांना जमिनीवर पालथे पडावे लागे. 1819 मध्ये ही व्यवस्था राजघराण्यानेच मोडली. दीर्घ विरहानंतर भेटणारे आप्त एकमेकांना धरून मोठ्याने रडत, आणि एकोणिसाव्या शतकातील परदेशी प्रवाशांना हे पाहून आश्चर्य वाटत असे. मधल्या काळात आपल्यातली जी माणसे गेली त्यांचा शोकही त्या भेटीत व्यक्त होत असे.

इथे आपल्याकडचा वाचक विचारेल की अनोळखी माणसाच्या नाकाला नाक लावणे आम्हाला अवघडच जाईल, मग काय करायचे? याचे उत्तर दिलासा देणारे आहे. होनी आज प्रामुख्याने मूळ हवाईयन कुटुंबांत, हुलाच्या परंपरेत आणि विधींच्या प्रसंगी होते; इतरत्र मिठी, गालाला गाल किंवा साधे हस्तांदोलन चालते. नव्या माणसाने स्वतः पुढाकार घेऊ नये. एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने मान पुढे केली तर चष्मा किंवा टोपी काढावी, अलगद कपाळ टेकवावे, नाकाने एक श्वास घ्यावा आणि घाईने मागे होऊ नये. सर्दी-खोकला असेल तर तसे सांगून हात पुढे करावा, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

लेई: गळ्यातली माळ आणि तिच्यासोबतची जबाबदारी

गळ्यात किंवा डोक्यावर घालायच्या माळेला ‘लेई’ म्हणतात. ती फुलांचीच असते असे नाही. पाने, बिया, शिंपले, पक्ष्यांची पिसे, हाडे, दात यांच्याही लेई पूर्वापार होत्या. माणसाच्या केसांच्या बारीक वेण्यांत व्हेलच्या दाताचे पदक ओवलेली लेई ही सरदारकुळाची खूण होती. निइहाऊ बेटावरच्या इवल्याशा शिंपल्यांची लेई आजही दागिन्यासारखी जपली जाते आणि तिची किंमत हजारो डॉलरपर्यंत जाते.

फुलांच्या बाबतीत मराठी वाचकाला सुखद आश्चर्य वाटेल अशा काही ओळखी निघतात. हवाईतली अतिशय मानाची ‘पिकाके’ लेई म्हणजे आपला मोगरा. राजकन्या काइउलानी हिला मोर आणि मोगरा दोन्ही आवडत, म्हणून मोराचेच नाव तिथे फुलाला मिळाले. ज्या रुईच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, त्याच झाडाची फुले तिथे लेईत ओवतात आणि ती राणी लिलिउओकलानीची लाडकी होती. निशिगंधाच्याही लेई होतात. आणि चित्रांत हटकून दिसणारा पांढरा-पिवळा चाफा तर मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला. तो हवाईत 1860 साली विल्यम हिलेब्रँड या जर्मन डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञाने आणला. हवाईचे प्रतीक म्हणून जग ज्या फुलांना ओळखते, त्यांतली कित्येक अशी बाहेरून येऊन तिथली झालेली आहेत. बेटांवरच्या मूळ वनस्पतींपैकी इलिमाची नाजूक केशरी-पिवळी फुले आणि माइले नावाच्या रानवेलीची सुगंधी पाने यांचा मान वेगळाच आहे. माइलेच्या लेईची टोके बांधत नाहीत, ती नुसती खांद्यांवरून खाली सोडतात. उद्‌घाटनाला फीत कापण्याऐवजी माइलेची गाठ सोडण्याची पद्धत तिथे आहे, कारण लेई कापणे अशुभ मानतात.

विमानतळावर माळ घालण्याच्या प्रथेचा इतिहास त्यामानाने अलीकडचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होनोलुलूच्या बंदरात प्रवासी बोटी येत, तो दिवस शहराला सणासारखा असे. 1926 साली बांधलेल्या अलोहा टॉवरजवळ लेई विकणाऱ्या बायका ओळीने बसत. परत जाणारे प्रवासी बोट डायमंड हेड या डोंगराजवळून जाताना आपली लेई समुद्रात टाकत. ती किनाऱ्याकडे वाहत गेली तर आपण पुन्हा येणार, अशी समजूत होती. 1928 पासून 1 मे हा ‘लेई दिन’ म्हणून साजरा होतो. त्याची कल्पना डॉन ब्लँडिंग या कवीने आणि ग्रेस टॉवर वॉरन या लेखिकेने मांडली होती. जेट विमाने आली आणि बोटींचे दिवस संपले. आज होनोलुलूच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येकाला कोणी माळ घालत नाही. ती आपल्या यजमानाने आणलेली असते किंवा आधी पैसे भरून ठरवलेली असते. तेव्हा कोणी माळ घातली नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही.

आता पाहुण्याच्या वाट्याविषयी. लेई घेताना मान थोडी झुकवावी. ती हारासारखी नुसती पुढे लोंबू न देता अर्धी पुढे आणि अर्धी पाठीवर राहील अशी खांद्यांवर बसवावी. ती नाकारू नये आणि देणाऱ्यासमोर काढून ठेवू नये. आपल्याकडे सत्कारमूर्ती हार घातल्याक्षणी काढून टेबलावर ठेवतात, ती सवय तिथे मनाला लागण्यासारखी आहे. फुलांची ॲलर्जी असेल तर तसे सांगून लेई हातात धरावी. गरोदर स्त्रीला बंद वर्तुळाची लेई घालत नाहीत, कारण ती बाळाच्या मानेभोवतीच्या नाळेची आठवण करून देते. तिला उघड्या टोकांची किंवा डोक्यावरची लेई देतात. केवड्याच्या कुळातल्या ‘हाला’ या झाडाच्या फळांची लेई नव्या कामाच्या आरंभी देणे टाळतात, वर्ष सरताना मात्र ती योग्य मानली जाते. आणि लेई कोमेजल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत. दोरा सोडवून फुले एखाद्या झाडाच्या बुंध्याशी मातीला परत देतात. दोरा तसाच राहिला तर पक्ष्यांच्या किंवा समुद्री कासवांच्या जिवावर बेतू शकतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे पाहुण्यानेही लेई द्यावी. कोणाच्या घरी राहायला किंवा जेवायला जात असाल तर यजमानीणबाईंसाठी एक साधी लेई घेऊन जाणे यासारखा दुसरा चांगला मार्ग नाही. फक्त ती आधी स्वतःच्या गळ्यात घालू नये. शाळा-कॉलेजच्या पदवीदानाला तर मुलांच्या गळ्यात कानापर्यंत लेई चढतात. त्यांत फुलांसोबत गोळ्या-चॉकलेटांच्या आणि नोटांच्या लेईही असतात.

तोंडचे शब्द आणि घरातल्या चालीरीती

‘अलोहा’ भेटतानाही म्हणतात आणि निरोप घेतानाही. एकाच व्यक्तीशी बोलताना ‘अलोहा काउआ’ आणि जमावाला उद्देशून ‘अलोहा काकोऊ’ असे म्हणता येते. या दोन्ही रूपांत बोलणारा स्वतःलाही धरतो, जसे मराठीत ‘आम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हटल्यावर ऐकणाराही त्यात येतो. कार्यक्रमांत सूत्रसंचालक लांबवून ‘अलोऽऽऽहा’ म्हणतात आणि प्रेक्षकांकडून तसेच वदवून घेतात, हा प्रकार पर्यटनाच्या रंगमंचावरचा आहे. रोजच्या व्यवहारात शब्द हळू, साधा आणि समोरच्याकडे पाहून उच्चारतात. आभारासाठी ‘महालो’ म्हणतात.

बाकी बरेचसे आपल्याला सवयीचे आहे. चपला दाराबाहेर काढायच्या, रिकाम्या हाताने जायचे नाही आणि वडीलधाऱ्यांना, नाते नसले तरी, ‘आंटी’ आणि ‘अंकल’ म्हणायचे. ओळख होताना लोकल माणूस हमखास विचारतो की तू कोणत्या हायस्कुलातला. त्यावरून तुमची वाडी, ओळखीपाळखीची माणसे आणि कधीकधी नातीगोतीही कळतात. नव्याने आलेल्याने आपल्या गावाचे नाव आणि घरची माहिती मोकळेपणाने सांगावी. तिथे माणूस त्याच्या मुळांवरून ओळखला जातो.

शाकाविषयी सर्वाधिक मान्य असलेली कथा ओआहू बेटावरील लाइए गावच्या हमाना कलिली यांची आहे. साखर कारखान्यातील अपघातात त्यांच्या हाताची मधली तीन बोटे गेली. ते हात हलवून खूण करत, तेव्हा अंगठा आणि करंगळीच दिसे. मुलांनी ती खूण उचलली आणि पुढे ती सगळ्या बेटांवर पसरली. आज रस्त्यात कोणी गाडी पुढे जाऊ दिली तर खिडकीतून शाका दाखवून आभार मानतात. एका मजुराच्या जखमी हाताची आठवण राज्याची अधिकृत खूण व्हावी, हे मला फार मोलाचे वाटते.

कायद्याने आपुलकी येते का?

1986 च्या कलमाविषयी ही शंका रास्त आहे. त्या कलमात अलोहाच्या रोमन लिपीतल्या (aloha) पाच अक्षरांवरून पाच गुण सांगितले आहेत: अकाहाई म्हणजे हळुवारपणा, लोकाही म्हणजे एकोपा, ओलुओलु म्हणजे प्रसन्न सौजन्य, हाआहाआ म्हणजे नम्रता आणि आहोनुई म्हणजे चिकाटीचा संयम. ही मांडणी पिलाही पाकी या हवाईयन विदुषीने 1970 साली एका परिषदेत केली होती. कलम मोडल्यास शिक्षा नाही. नागरिकांनी आणि पदाधिकाऱ्यांनी काम करताना या वृत्तीचा विचार ठेवावा, एवढेच त्यात म्हटले आहे. त्याचा उपयोग सार्वजनिक जीवनात आठवण करून देण्यापुरता आहे, पण ती आठवण सरकारी कागदावर असणे ही त्या समाजाने केलेली निवड आहे.

‘हे सगळे पर्यटकांसाठीच तर आहे ना?’

ही शंका सर्वांत जास्त वेळा ऐकू येते आणि तिच्यात तथ्यही आहे. 2019 मध्ये या बेटांवर एक कोटीहून अधिक पाहुणे आले. विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा ऑर्किडच्या लेई थायलंडहून येतात. ‘अलोहा’ हा शब्द हॉटेलांपासून गाडीच्या पाटीपर्यंत सर्वत्र लावला जातो. पण बाजारात मिळणारी प्रत आणि घरातली रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरातली रीत टिकवण्यासाठी तिथल्या लोकांनी मोठी किंमत मोजली आहे.

मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली 1830 मध्ये सार्वजनिक हुलावर बंदी आली. पुढे राजा कलाकाउआ याने त्या कलेला पुन्हा दरबारी मान दिला. 1896 च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे झाले आणि हवाईयन भाषा दोन पिढ्यांत घरांतून मागे पडली. 1970 च्या दशकात तरुणांनी भाषा, ओली, हुला आणि नौकानयन पुन्हा शिकायला घेतले. 1978 मध्ये राज्यघटनेत हवाईयन ही अधिकृत भाषा झाली आणि 1984 मध्ये पहिली हवाईयन माध्यमाची बालवाडी सुरू झाली. आज दारात उभे राहून ओली म्हणणारी तरुणी बहुधा ती भाषा आजीकडून शिकलेली नसते, शाळेत परत मिळवलेली असते.

म्हणूनच काही स्थानिकांचा पाहुण्यांविषयीचा सूर कधीकधी थंड किंवा रागाचा असतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये माउई बेटावरचे लाहाइना शहर आगीत भस्मसात झाले आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा बेघर झालेली कुटुंबे एकीकडे आणि खोल्या शोधणारे पर्यटक दुसरीकडे, असा प्रश्न उघडपणे उभा राहिला. घरे महाग, बेटे लहान आणि पाहुणे अमाप असताना परवानगी मागण्याची जुनी रीत आजच्या काळातही किती निकडीची आहे, हे त्यावरून दिसते.

‘मग परक्याने हे करावे की नाही?’

करावे, पण क्रम पाळून. ‘अलोहा’ म्हटलेल्याला ‘अलोहा’ म्हणून उत्तर देणे योग्यच आहे. उत्तर न देणे हेच उद्धटपणाचे. लेई मनापासून घ्यावी आणि द्यावी. शाका आभारापुरती दाखवावी, प्रत्येक छायाचित्रात नको. होनीत पुढाकार यजमानाचा असावा. ओली मात्र शिकवणाऱ्याने शिकवल्याशिवाय आणि म्हणायला सांगितल्याशिवाय म्हणू नये. ती कोणाकडून आली हे तिथे महत्त्वाचे असते.

दुसऱ्या दिवसापासून

हवाईयन भाषेत एक म्हण आहे: ‘होओकाही नो ला ओ का मालिहिनी’. माणूस एकच दिवस पाहुणा असतो, असा तिचा आशय आहे. पहिल्या दिवशी त्याला हाक मारून बोलवावे, जेवू घालावे, गळ्यात लेई घालावी. दुसऱ्या दिवशी त्याने घरच्यांबरोबर कामाला लागावे.

आज ही म्हण प्रत्यक्ष अनुभवायची सोय आहे. ओआहू बेटावरील हेएइया येथे शेकडो वर्षांपूर्वी दगडी भिंत घालून बांधलेले सुमारे 88 एकरांचे मत्स्यतळे आहे आणि आसपास अळूची पाणथळ शेते आहेत. अशा ठिकाणी ठरलेल्या शनिवारी गावकरी आणि बाहेरचे लोक एकत्र राबतात. काम सुरू होण्यापूर्वी सगळे गोल उभे राहतात, भूमीची परवानगी मागणारी ओली होते आणि मग प्रत्येक जण आपले नाव, गाव आणि येण्याचे कारण सांगतो. सांगलीहून किंवा पणजीहून आलेल्यानेही तेवढेच सांगायचे असते. त्यानंतर हातमोजे वाटले जातात, आणि भिंतीचे दगड एका हातातून दुसऱ्या हाती देण्यासाठी माणसे रांगेत उभी राहतात.